लाइव्ह प्रसारणात पहिल्यांदाच काउंट द्यायला बसतेय, मदत हवी आहे

मंडळी, इथे टीव्हीच्या पडद्यामागे काम करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतेय.

मी आठ वर्षं रेकॉर्डेड कार्यक्रमांवर असिस्टंट डायरेक्टर आहे. म्हणजे काही चुकलं की "कट, परत घेऊ" म्हणायचं आणि निवांत परत घ्यायचं. आता एका मोठ्या सोहळ्याच्या तीन तासांच्या थेट प्रसारणात मला ओबी व्हॅनमध्ये (प्रसारणाच्या फिरत्या कंट्रोल रूममध्ये) डायरेक्टरच्या शेजारी बसवलंय. काम काउंट देण्याचं: आत्ताचं किती उरलं, पुढे काय येणार, हे टॉकबॅकवर (टीमच्या कानातल्या संवाद-लाइनवर) सगळ्यांना सांगत राहायचं. समोर रनडाउन (कार्यक्रमाची वेळेसह क्रमवार यादी), हातात स्टॉपवॉच, डोक्यात अंधार.

गेल्या आठवड्यात छोटी रिहर्सल झाली. रनडाउनमध्ये एका एव्हीची (आधीच तयार केलेल्या व्हिडिओची) लांबी १:३० लिहिली होती, मी त्याप्रमाणे मोजत होते. "पंधरा" म्हणेपर्यंत एव्हीतलं बोलणं संपलं आणि उरलेला वेळ नुसतं संगीत आणि एक गोठलेली फ्रेम. डायरेक्टरने वैतागून अँकरवर कट केलं. अँकरच्या एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात झाकण. माझ्या तोंडून "सॉरी" गेलं, ते तिच्या कानात पोचलं आणि ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "हं?" रिहर्सल होती म्हणून सगळे हसले. मी नाही हसले.

तर, एक म्हणजे कानात डायरेक्टर, ग्राफिक्स, रिप्ले, फ्लोअर असे चौघे बोलत असताना मोजायचं कसं? दुसरं, कार्यक्रम बरोबर २२:००:०० ला संपायलाच हवा. एखादं भाषण लांबलं की मी दर वेळी सगळा रनडाउन वरपासून पुन्हा मोजते, आणि मोजून होईपर्यंत पुढचं भाषण लांबलेलं असतं. शिवाय एक रिपोर्टर दुसऱ्या गावाहून सॅटेलाइटवर येणार आहे, त्याला काउंट कसा देतात हेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, पहिली गोष्ट, रनडाउनमधल्या लांबीवर कधीच विश्वास ठेवू नका. ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची इच्छा असते. प्लेआउटवाल्याच्या (एव्ही चालवणाऱ्याच्या) शेजारी बसून प्रत्येक एव्ही शेवटपर्यंत स्वतः बघा आणि दोन गोष्टी पेनने लिहा: बोलणं कधी संपतं, आणि शेवटचे तीन-चार शब्द कोणते. काउंट त्या शब्दांपर्यंत द्यायचा, फाइल संपेपर्यंत नाही. मागे दहा सेकंदांची शेपूट असणं चांगलंच, डायरेक्टरला उशीर झाला तर पडदा काळा होत नाही. पण ती शेपूट आहे हे तुम्हाला माहीत हवं.

बोलणं कमी करा. एव्ही सुरू झाली की एकदा पूर्ण लांबी, मग "एक मिनिट", "तीस", "दहा", आणि शेवटी पाच ते एक. मधे काही नाही. सतत बोलणाऱ्या माणसाचा आवाज दहा मिनिटांत कुणाला ऐकूच येईनासा होतो. ऐकण्याच्या बाजूनेही तसंच. डायरेक्टरचा आवाज तेवढा उचलायचा, बाकीचे आपोआप मागे पडतात. याला दोन-तीन रिहर्सल जातात, इलाज नाही.

आता उलटं मोजणं. तुम्ही वरून खाली मोजताय, म्हणून दमताय. खालून वर जा, तेही आदल्या दिवशी. शेवट २२:००:००. नामावली ४० सेकंद, म्हणजे ती २१:५९:२० ला सुटलीच पाहिजे. त्याआधी अँकरचा निरोप २५ सेकंद, तो २१:५८:५५ ला सुरू. त्याआधीचं नृत्य ४:१०, ते २१:५४:४५ ला सुरू. असं प्रत्येक ओळीपुढे घड्याळातली वेळ लिहून ठेवा. प्रसारणात मग एकच वजाबाकी उरते: नृत्य २१:५५:२० ला सुरू झालं? ३५ सेकंद जास्त. "पस्तीस ओव्हर" एवढंच डायरेक्टरला सांगायचं.

काय कापायचं ते तुम्ही ठरवू नका, पण कापता येण्यासारखं काय आहे ते आधीच विचारून ठेवा. एखादी छोटी एव्ही, अँकरच्या गप्पा. ऐन वेळी विचारलंत तर शिव्या बसतात.

प्रतिसाद २

मी साउंडवाला. तुमचं "सॉरी" अँकरपर्यंत का गेलं ते सांगतो: तुमच्या पॅनलवरची अँकरशी बोलायची की (बटण) लॅचवर असणार. एकदा दाबली की चालूच राहते. इंजिनिअरला सांगून ती दाबून धरण्यापुरती करून घ्या, बोट उचललं की बंद. प्रसारणाआधी प्रत्येक कीवर कुणाचा कान आहे हेही एकेक करून तपासा. मी तर चिकटपट्टी लावून नावं लिहितो, नव्या पॅनलला छोटे पडदे असले तरी.

सॅटेलाइटचं गणित साधं आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नलला वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो, त्यात एन्कोडर-डिकोडरचा वेळ वेगळा. अँकरचा प्रश्न संपतो आणि रिपोर्टर बावळटासारखा मान डोलावत उभा दिसतो तो यामुळे. त्याच्या कानात जाणाऱ्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज अजिबात नको, बाकी सगळं हवं. स्वतःचंच वाक्य उशिराने कानात पडलं तर भलेभले अडखळतात. ते काम माझ्यासारख्याचं, पण तुम्ही आधी विचारा. त्याला प्रश्न उपग्रहावरून न ऐकवता फोन लाइनवरून ऐकवला तर निम्मा उशीर तिथेच वाचतो. आणि अँकरचं वाक्य पूर्ण व्हायच्या जरा आधीच त्याला "बोल" म्हणायचं. किती आधी, ते चाचणीच्या वेळी त्याच्याशी बोलून पक्कं करा.

प्रतिसाद ३

घड्याळ कोणतं बघताय? मोबाइल किंवा मनगटावरचं असेल तर खिशात ठेवा. व्हॅनमधलं मास्टर क्लॉक एकच खरं. आणि सेकंदाला २५ फ्रेमवर काम आहे की २९.९७ वर? २९.९७ असेल तर टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) ड्रॉप-फ्रेम, म्हणजे खऱ्या घड्याळाशी जुळावं म्हणून मधले काही आकडे गाळणारा, आहे ना विचारा. नसेल तर तो खऱ्या घड्याळाच्या तासाला ३.६ सेकंद मागे पडतो. तीन तासांत जवळजवळ ११ सेकंद, म्हणजे अख्खा निरोप अर्ध्यावर.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काम २५ फ्रेमवर आहे, तेवढी काळजी मिटली.

आज दुसरी रिहर्सल झाली. की खरंच लॅचवर होती! एव्ही बसून बघितल्या. अकरापैकी चारांची लांबी रनडाउनपेक्षा वेगळी निघाली, एकीची तर वीस सेकंदांनी. खालून वर मोजून वेळा लाल पेनने लिहिल्या. शेवटचा भाग तीन सेकंद आधी संपला, तर डायरेक्टर म्हणाले, "अँकरला तीन सेकंद हसू दे." म्हणजे बरं गेलं असावं.

एक बावळट प्रश्न राहिलाय. तीन तास खुर्चीवरून हलता येत नाही, तर तुम्ही लोक पाणी कधी पिता?

प्रतिसाद १

जाहिरातींच्या ब्रेकमध्ये. पण ब्रेकचा काउंटही तुमच्याकडेच आहे हं, तेव्हा घोट लहान घ्या आणि झाकण आधी लावा.