हॉट टबसोबत स्पीकर आणि टीव्ही घ्यावा का? फोम भरायच्या आत ठरवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी अंगणात हॉट टब बसवायचं आमचं ठरलंय. टब निवडून झाला, जागा पक्की झाली, इलेक्ट्रिशियनशी बोलणं झालं. अडलंय ते एकाच गोष्टीवर. डीलर म्हणतोय, चार स्पीकर, सबवूफर आणि काठातून वर येणारा टीव्ही आत्ताच घ्या, नंतर बसवणं अवघड. का, असं विचारलं तर त्याने एका टबाची बाजूची फळी काढून आतलं दाखवलं. उष्णता टिकावी म्हणून शेलच्या (म्हणजे ज्यात पाणी राहतं त्या कवचाच्या) मागे सगळीकडे फोम भरलेला असतो. तो एकदा घट्ट झाला की साधी वायर न्यायची तरी खरवडून काढावा लागतो. हे मला पटलं, म्हणूनच घाईने विचारतेय.

टब घेतोय तो मुख्यतः आईसाठी. तिला संधिवात आहे, गुडघे आणि कंबर सकाळी धरलेली असतात. तिचा रक्तदाब बघून डॉक्टरांनी पाणी ३८ अंशांपर्यंत आणि एका वेळी १५ मिनिटं, एवढंच सांगितलंय. पण तिला नुसतं बसून राहायचा भारी कंटाळा. पाच मिनिटांत "झालं गं माझं" म्हणून उठते. काही ऐकायला-बघायला असलं तर ती पूर्ण वेळ बसेल, असं मला मनापासून वाटतं.

शोरूममध्ये पाणी भरलेल्या टबात आम्ही दोघी बसून पाहिलं. जेट (पाण्याचे जोरदार झोत) बंद असताना गाणी छान ऐकू आली. जेट सुरू केले आणि टीव्हीवरचं बोलणं कळेना. आवाज वाढवला, तर गाणं कर्कश वाटायला लागलं. दहाएक मिनिटांनी पडद्याच्या खालच्या कडेला वाफेचे बारीक थेंब जमले आणि एकेक करून ओघळायला लागले. शिवाय जेट पाठीला नीट लागतात ती खुर्चीसारखी जागा नेमकी टीव्हीच्या खाली. आई तिथे बसली की पडदा तिच्या डोक्यामागे. ती मान वळवून बघत होती, आणि तिची मान आधीच दुखरी आहे.

तर प्रश्न असा, की दोन्ही घ्यावं, फक्त स्पीकर घ्यावेत, की टबात काहीच न बसवता बाहेरून सोय करावी? ज्यांच्याकडे टब आहे त्यांनी कृपया अनुभव लिहा.

प्रतिसाद १

टीव्ही टबात बसवून घेऊ नका, कळकळीने सांगतो. टबाचं शेल नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं, आतली इलेक्ट्रॉनिक्स त्या मानाने फार लवकर जुनी होते. आमच्या जुन्या टबाच्या काठावर आयपॉड ठेवायची ३० पिनांची खाच होती. २०१२ मध्ये अ‍ॅपलने लायटनिंग कनेक्टर आणला आणि पुढच्या फोनला ती खाच लागेना. टब उत्तम चालायचा, खाच मात्र झाकण लावून बंद ठेवलेली.

आणि वरचं जाड कव्हर लक्षात घ्या. ते लावलं की क्लोरीनची किंवा ब्रोमीनची वाफ आतच कोंडते. काठातले स्पीकर दिवसरात्र त्या वाफेत राहतात. आमच्या स्पीकरचे स्क्रू आधी गंजले, मग एका बाजूचा आवाज फाटायला लागला.

प्रतिसाद २

विजेचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो. पोहण्याच्या तलावांसाठीच्या आयईसी (विजेच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या) नियमांत काठापासून २ मीटरपर्यंतचा पट्टा झोन १, म्हणजे जास्त धोक्याचा, आणि त्यापुढचा दीड मीटर झोन २, म्हणजे त्याहून कमी धोक्याचा, धरतात. माणूस पाण्यात असताना पाण्याच्या आत १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीच्या वरचं काही चालत नाही. तुमच्याकडचे नियम याहून कडक असतील तर तेच पाळा. घरातला साधा टीव्ही एक्स्टेंशन बोर्डावर लावून टबाजवळ आणून ठेवणं, हे कुणीही, एका दिवसासाठीसुद्धा करू नये. ओल्या अंगाने, ओल्या हाताने रिमोट घ्यायला उठणारा माणूस कशाला धरेल सांगता येत नाही. टीव्ही लावायचाच तर लांब भिंतीवर, बाहेर वापरण्यासाठीच बनवलेला, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) हवाच.

स्पीकरवर 'आयपीएक्स ७' लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरतो, इतकाच. ती चाचणी साध्या पाण्यात होते. गरम वाफ आणि क्लोरीन त्यात धरलेले नसतात.

प्रतिसाद ३

आम्ही दोन वर्षांपूर्वी याच फेऱ्यातून गेलो. शेवटी बॅटरीवर चालणारा वॉटरप्रूफ ब्लूटूथ स्पीकर घेतला आणि तो टबापासून थोडा दूर, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा शेल्फवर ठेवला. जेटची घरघर खालच्या सुरातली असते, त्यामुळे सबवूफरचा ठोका त्यातच विरून जातो. माणसाचा आवाज मात्र कानाजवळ असला की हळू लावूनही स्पष्ट कळतो. फोन टबाच्या पलीकडे ठेवू नका. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाणी त्या लहरी शोषून घेतं. मध्ये टब आणि माणसं आली की गाणं तुटक येतं.

तुमच्या आईंसाठी एक सुचवते. माझ्या सासूबाईंना मी बरोबर १५ मिनिटांची यादी लावून देते, शेवटचं गाणं नेहमी तेच. ते सुरू झालं की त्या कठड्याला धरून सावकाश उठायला लागतात, घड्याळ बघावं लागत नाही. टीव्हीचं उलट होतं. मालिका रंगली की माणूस पाण्यातच राहतो, आणि गरम पाण्यातून एकदम उठलं की चक्कर येते.

धागाकर्ती

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. शेवटच्या गाण्याची युक्ती आईला वाचून दाखवली. तिने लगेच कोणतं गाणं शेवटी ठेवायचं ते सांगूनही टाकलं. टीव्ही रद्द, हे नक्की. कव्हर मागे टाकायला जो दांडा असतो तो नेमका टीव्हीच्या जागेवरच येणार होता, हेही आज मोजताना लक्षात आलं.

आता एकच शंका. शेलला मागून चिकटवायचे एक्सायटर मिळतात, त्यात शेललाच कंप देऊन आवाज काढतात, भोक पाडावं लागत नाही. ते आत्ताच बसवून घ्यावेत का?

प्रतिसाद २

आत्ता नको. मागे फोम चिकटला की शेलचा कंप दबतो आणि आवाज बोदा येतो. बिघडला तर काढायलाही फोमच खरवडायचा. त्यापेक्षा फोम भरण्याआधी पंपाच्या कप्प्यापासून वरच्या काठापर्यंत २५ मिलिमीटरचा एक रिकामा पाइप टाकून घ्या. शेलला कुठेही भोक पाडायला लावू नका, वॉरंटी जाऊ शकते. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करायला सांगा, नाहीतर फोम आत शिरतो. आणि आत नायलॉनची एक दोरी ओवून ठेवायला लावा. उद्या कधी वायर न्यावीशी वाटली तर ती ओढून घ्यायला तीच लागेल.