मदत हवी आहे: पोलीस प्रशिक्षणात नडगी दुखतेय, सांगू की लपवू?

नमस्कार. लांबलं तर सांभाळून घ्या, फोन चार दिवसच हातात आहे.

मी देवगड तालुक्यातली. शिपाई भरतीत निवड झाली आणि नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणातला पाचवा महिना चालू आहे. केंद्र घाटावर आहे, नाव लिहीत नाही. गणपतीला रजा मिळाली म्हणून घरी आलेय. परवा रात्रीच्या एसटीने परत जायचंय.

त्रास डाव्या पायाच्या नडगीचा आहे. भरतीची सगळी तयारी मी आमच्या किनाऱ्यावर केली. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओली वाळू घट्ट होते, तिच्यावर अनवाणी पळायचे. ८०० मीटरला कधी पाय कुरकुरला नाही. केंद्रात मैदान दगडासारखं आणि पायात बूट. पहाटे पीटी, नंतर परेड. उस्तादांनी ‘सावधान’ म्हटलं की सगळ्या स्क्वॉडच्या टाचांचा एकच आवाज यायला हवा. एकीची टाच मागाहून पडली की परत विश्राम, परत सावधान. एकदा मोजत होते, चाळीसच्या पुढे विसरले. आणि सावधानला आपटतो तो डावाच पाय.

सुरुवातीला पळताना दुखायचं, अंग गरम झालं की थांबायचं. आता परेड संपली तरी ठणकत राहतं. गेल्या आठवड्यात रात्री त्यानेच जाग आली. आजी निगडीचा पाला गरम करून बांधते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

केंद्रात कुणाला सांगितलेलं नाही. सिकमध्ये, म्हणजे आजारी म्हणून परेडबाहेर, जास्त दिवस गेले तर मागच्या बॅचमध्ये टाकतात, असं बराकीत बोलतात. खरं खोटं माहीत नाही, पण भीती बसलीय. बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, जातात. गावात पेढे वाटून झालेत, आता ‘पोरगी मागे राहिली’ कोण ऐकून घेणार?

इनडोअरची, म्हणजे वर्गात शिकवतात त्या कायद्याच्या विषयांची, काळजी नाही. उलट मामाच गोंधळतात, ते निवृत्त हवालदार. खून म्हटलं की अजून जुन्या दंड संहितेतलं कलम ३०२ म्हणतात. मी म्हटलं मामा, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत खून १०३ ला गेला. ३०२ आता धार्मिक भावना दुखावणारं बोलण्याला आहे. चोरी ३७९ ची ३०३ झाली. रुसले थोडे.

तर विचारायचंय ते एवढंच: पेनकिलर खाऊन उरलेले चार महिने निघतील का? यातून गेलेलं कुणी आहे का इथे?

प्रतिसाद: ताई, मी यातून गेलोय, म्हणून आधी गोळीचं सांगतो. गोळीने दुखणं कळेनासं होतं, हाड काही भरत नाही. मी दीड महिना लपवलं आणि शेवटी मैदानातच बसलो. वेळेत सांगितलं असतं तर दोन-तीन आठवड्यांत सुटलो असतो. आणि बराकीतल्या गप्पांवर जाऊ नकोस. नियम काय आहे ते तुझ्या कंपनीच्या, म्हणजे तुकडीच्या, साहेबांना सरळ विचार.

प्रतिसाद: मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण एक सांग: दुखतं ते एका बोटाने दाखवता येतं की तळहात फिरवावा लागतो? नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल तर बहुधा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाची सूज असते. भार कमी केला की ती बरी होते. बोटाच्या टोकाएवढ्या जागीच कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या काही आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे क्लिअर’ ऐकून लगेच पळायला लागू नकोस. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. पाळी वेळेवर येते का, ड जीवनसत्त्व कधी तपासलंय का, तेही त्यांना सांग. मुली हे बोलायला लाजतात, पण हाडांशी त्याचा थेट संबंध आहे. आणखी एक, किनाऱ्यावर नेहमी एकाच बाजूला तोंड करून पळायचीस का? वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एका पायावर भार वेगळा पडतो.

धागाकर्ती: जाताना समुद्र डावीकडे असायचा, परतताना मात्र भावाच्या बाइकवर मागे बसून यायचे. कधी डोक्यातच आलं नाही.

आत्ता पडवीत बसून दाबून बघितलं. तळहात फिरवावा लागत नाही. एकच जागा आहे, चिंचोक्याएवढी, तिथे बोट टेकलं की डोळ्यांत पाणी येतं. आईने बघितलंच. ‘डॉक्टराक दाखय’ एवढंच म्हणाली आणि बाबांना हाक मारली. उद्या सकाळी कणकवलीला हाडांच्या डॉक्टरांकडे जातोय. चिठ्ठी आणि रिपोर्ट घेऊनच केंद्रात हजर होईन. साहेबांशी बोलताना काय बोलायचं ते मामा लिहून देणार आहेत. कलमं तेवढी मी तपासून घेईन.