सोनोग्राफीत पू नाही, मग हे फोड कसले?

कुडाळची मोठी जाऊ
धाकट्या जावेचं बाळ दहा महिन्यांचं, अंगावर पितं. आधी बाळाला ताप आला, हिरड्या सुजल्या, तोंडभर फोड. चार दिवसांनी हिच्या उजव्या निपलच्या कडेला मोहरीएवढे पाण्याचे फोड, घोसाने, आणि नुसता पदर लागला तरी कळ येते हो. पाच दिवस अँटिबायोटिक झालं, काडीचा फरक नाही. काल सोनोग्राफी केली, त्यात त्वचा जाड, आत सूज, पू नाही, काखेतल्या गाठी मोठ्या पण हायलम शाबूत असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात नागीण आहे, गेरू लावा. सोनोग्राफीत व्हायरस दिसतो का? गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन मोठ्या मशीनवर परत करू का?

प्रोबवाला, रत्नागिरी
ताई, व्हायरस कुठल्याच मशीनवर दिसत नाही, त्यासाठी बांबोळी गाठू नका. साध्या मॅस्टायटिसमध्येपण, म्हणजे स्तनाला सूज येते त्यात, त्वचा अशीच जाडावते. तुमच्या रिपोर्टात मोलाचं आहे ते 'पू नाही'. गळू असतं तर मध्ये काळी पोकळी दिसली असती, आत दाट पाणी, प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या दांड्याने, हलकं दाबलं की हलणारं, आणि मग सुईने काढावं लागलं असतं. इथे काढायला काही नाही, म्हणून कोणी चिरा द्यायला निघालं तर थांबवा. हायलम म्हणजे गाठीच्या मधली पांढरी चरबी, ती टिकून आहे हे चांगलं लक्षण. बाळाच्या तोंडाचं वाचून मला हर्पीस सिम्प्लेक्सच, म्हणजे तोंडाला फोड आणणारा व्हायरस, वाटतोय. ताज्या फोडाच्या बुडाचा स्वॅब पीसीआरला, म्हणजे व्हायरस ओळखायच्या तपासणीला, पाठवा, पण औषध रिपोर्टसाठी अडवू नका, आजच स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

दापोलीकरीण
मला छातीवर नागीण झाली होती. पाठीपासून पुढेपर्यंत पट्टा, एकाच बाजूला, मधली रेघ ओलांडली नाही, आणि फोड यायच्या आधी दोन दिवस नुसती आग. हिचं तसं नाही वाटत. आणि गेरू कशातच नको, ओल्या फोडांवर माती लागली की वरून पू धरतो.

सिस्टर
फोड सुकून खपल्या पडेपर्यंत त्या बाजूने पाजू नका. डाव्या बाजूला एकही फोड नसेल तर तिकडून खुशाल पाजा. उजवीकडचं दूध काढत राहा नाहीतर तटतटेल, पण पंप किंवा हात फोडाला लागला असेल तर ते दूध टाकूनच द्या. घरात दुसरं तान्हं असेल तर त्याला लांब ठेवा, महिन्याच्या आतल्या बाळाला हा व्हायरस जिवावर बेततो.

कुडाळची मोठी जाऊ
दाखवलं. डॉक्टरांनी नुसतं बघूनच हर्पीस म्हटलं, स्वॅब घेतला, असायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध सुरू केलं. बाळ डावीकडे पितंय. सोनोग्राफी परत कधी?

प्रोबवाला, रत्नागिरी
ताप चढला किंवा हाताला गाठ लागली तर लगेच. आणि फोड जाऊनही लाली, जाडी दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही तर परत करा आणि बायोप्सीचं विचारा, कारण एका प्रकारच्या कॅन्सरमध्येही त्वचा अशीच दिसते. हिच्या बाबतीत ती शक्यता मला कमी वाटते, पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.