क्वेंचिंगला ‘मालवणे’ चालेल का?

काजवा : पाण्यातला पारा, शिसं, लोह ओळखणाऱ्या चमकत्या नॅनोकणांवरचा एक मराठी लेख तपासतोय. लेखकाने ‘फ्लुओरेसन्ट प्रोब’ला, म्हणजे या शोधणाऱ्या कणांना, ‘प्रतिदीप्त एषणी’ आणि ‘क्वेंचिंग’ला, म्हणजे धातू भेटल्यावर त्यांची चमक मंदावण्याला, ‘शमन’ केलंय. वाचताना घशात अडकतं. काही सुचवा.

रसायनवाला : ‘प्रतिदीप्त’ राहू द्या. अतिनील प्रकाश पडला की कण उलट आपल्या रंगाचा उजेड देतो, प्रकाश काढला की जवळजवळ त्याच क्षणी थांबतो. ‘प्रति’त हे नेमकं बसतं. छतावर चिकटवायच्या चांदण्या दिवा बंद केल्यावरही चमकत राहतात, तो प्रकार वेगळा. मूळ इंग्रजी शब्द स्टोक्सने १८५२ मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून पाडला, त्यापेक्षा आपला शब्द जास्त बोलका आहे.

अडाणी : एषणी म्हणजे सुश्रुताची जखमेत घालायची सळई ना? इथे सळई कुठंय? कण तर पाण्यात पसरलेले. मी ‘खबऱ्या’ म्हणेन. गर्दीत मिसळतो आणि हवा तो भेटला की तोंड पाडतो.

काजवा : 😄 संपादक छापणार नाहीत. ‘शोधकण’?

रसायनवाला : झकास. शमन मात्र बदलाच. शमन तहानेचं, पित्ताचं. कार्बन ठिपक्यांच्या (कार्बनच्या चमकत्या नॅनोकणांच्या) द्रावणात फेरिक लोह पडलं की निळा उजेड मंदावतो, त्याला शमन कसलं?

आजोळ : देवापुढचा दिवा ‘विझव’ म्हटलं की आजी डोळे वटारायची. ‘मालव’ म्हणायचं. शिवाय विझणं वाऱ्याने, आपोआपही होतं. दिवा मालवायला सहसा कुणीतरी लागतं. इथे ते लोह करतंय. लोहारकामातल्या क्वेंचिंगला ‘पाणी पाजणं’ म्हणतात, ते मात्र इथे ओढू नका, लेखच पाण्यावर आहे!

रसायनवाला : मालवणं घरी बघता येतं. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली टॉनिक वॉटर हे कडवट पेय धरा, त्यातल्या क्विनाइनमुळे निळं दिसेल. चमचाभर मीठ घालून ढवळा, निळाई उतरते. पण हे काम क्लोराइडचं, सोडियमचं नाही. म्हणजे मालवणारा धातूच असतो असं नाही. म्हणून ‘सिलेक्टिव्ह’ शब्दाला इथे फार वजन आहे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवं, कॅल्शियम मात्र ७५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्या गर्दीतून शिसं तेवढं टिपायचं.

अडाणी : मग ‘चोखंदळ’!

काजवा : वधूसंशोधन वाटतंय, पण घेतो. आणि धातू भेटल्यावर ज्यांचा उजेड वाढतो ते?

आजोळ : ‘पेटते’ नको, आग लागेल. ‘उजळते’. मालवते आणि उजळते, जोडीही जमते.

काजवा : ठरलं. ‘एषणी’ तळटीपेत ठेवतो, लेखक रुसायला नको.