परत मागायचं नसेल तर ‘उसने द्या’ कसं?

चरईकर
आमच्या चर्चच्या मराठी प्रार्थनागटासाठी एका इंग्रजी प्रवचनाचं भाषांतर करतोय. विषय असा की परतीची आशा न धरता प्रेम करा, वैऱ्यावरसुद्धा. बायबलातल्या लूक ६:३५ या वचनापाशी गाडी अडली आहे. मी लिहिलं, ‘परत मिळण्याची अपेक्षा न ठेवता उसने द्या.’ गटातल्या एका बाईंनी तिथेच हटकलं. उसनं म्हणजे परत करायच्या बोलीवर दिलेलं, परत नको असेल तर ते दान, असं त्यांचं म्हणणं. ‘कर्ज द्या’ लिहावं तर पतपेढीची पाटी वाटते. दुसरं म्हणजे मथळ्यात ‘निरपेक्ष प्रेम’ बरं की ‘निर्व्याज प्रेम’?

शब्दखोर
निर्व्याजच. व्याज न लावता केलेलं प्रेम. वचन पैशाचंच आहे, चपखल बसतं.

घोडबंदर_रोड
अहो, त्या व्याजाचा पैशाशी काय संबंध? संस्कृतात व्याज म्हणजे मिष, कपट. व्याजस्तुती, व्याजोक्ती हे अलंकार शाळेत घोकले होते ना? पैशाचं असतं ते बिनव्याजी. ‘बिनव्याजी प्रेम’ मोठ्याने म्हणून बघा एकदा.

शब्दखोर
म्हटलं. छान वाटलं. चारचौघांना विचारा, निर्व्याज म्हटल्यावर त्यांना मुद्दल-व्याजच आठवेल. शब्द वापरणाऱ्यांचा असतो, कोशवाल्यांचा नाही.

घोडबंदर_रोड
मग ‘अपरोक्ष’ म्हणजे समोर नव्हे तर पाठीमागे, हेही मान्य करून टाका.

शब्दखोर
कधीच केलंय. तुमच्या अपरोक्ष.

नेरूळची_मावशी
तुमची जुंपली की मूळ प्रश्न बाजूलाच! आमच्याकडे उसनं म्हणजे वाटी. सिडकोच्या घरात राहायला आलो तेव्हा दुकानं लांब होती, त्यामुळे साखर, डाळीचं पीठ सगळं शेजारून. परत करताना वाटी शिगोशीग भरायची, सपाट दिली तर सासूबाई डोळे वटारत. एकच वस्तू उसनी नसायची, विरजण. ते नुसतं मागायचं. चमचाभर द्यायचं, दोघींनी विसरायचं. विरजण परत आणून देणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. चरईकर, तुमच्या वचनातलं देणं मला त्या विरजणासारखं वाटतं.

मासुंदा
मावशी, सुरेख. पण ‘उसने’ काढू नका असं माझं मत. आमच्या घरच्या जुन्या मराठी बायबलात तर ‘निराश न होता उसने द्या’ असं आहे. ती चूक नव्हे. मूळ ग्रीक क्रियापदाचा नेहमीचा अर्थ ‘आशा सोडणे’ हाच. लॅटिन भाषांतराने मात्र ‘त्यातून काही आशा न धरता’ असा अर्थ घेतला आणि बहुतेक ठिकाणी तोच रुळला. त्याच लॅटिन ओळीचा आधार घेऊन पोप तिसरे अर्बन (कारकीर्द ११८५ ते ११८७) यांनी व्याज घेणं पाप ठरवलं. म्हणजे शब्दखोरांचं मुद्दल-व्याज अगदीच हवेतलं नाही, फक्त ते निर्व्याजमधून निघत नाही.

आता आधीची ओळ बघा. ज्यांच्याकडून परत मिळेल त्यांनाच उसनं दिलंत तर त्यात विशेष काय, दिलं तेवढं परत मिळणार म्हणून पापी लोकही एकमेकांना देतात, अशा अर्थाची. ‘दिलं तेवढं परत’ ही तर आपल्या उसन्याची व्याख्याच झाली. दान म्हटलं की घेणाऱ्याचा हात खाली जातो. उसनं मागणारा शेजारी राहतो, त्याची मान ताठ राहते. परत आलं नाही तरी तुम्ही त्याला भिकारी करत नाही. वाक्य खटकतं ते खटकू द्या.

शब्दखोर
वा, माझी अर्धी बाजू घेतलीत. अर्धी उसनी समजतो.

कळवा_पूर्व
एवढं कशाला फिरता? तुकोबांनी सांगून ठेवलंय, ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’. मथळा ‘लाभाविण प्रीती’. मराठी बायबलातही प्रेमाला प्रीतीच म्हणतात.

चरईकर
मोह होतोय. पण तो दाखला आई-लेकराचा. लूकमध्ये समोर वैरी आहे. पोटच्या पोरासाठी लाभाविण कोणीही करतं.

कळवा_पूर्व
‘कोणीही’ नका म्हणू. आमच्या सोसायटीत येऊन बघा.

घोडबंदर_रोड
शिवाय ‘प्रीती’ आता सिनेमाच्या गाण्यातली वाटते. सरळ ग्रीक ‘अगापे’ लिहा, ईश्वरी प्रेमाचा खास शब्द.

मासुंदा
खास वगैरे नंतर ठरला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दाविदाचा मुलगा अम्नोन याला सावत्र बहीण तामारचा जो हव्यास होता, त्यालाही त्याच कुळातला शब्द आहे. शब्दात पावित्र्य शोधू नका.

खारेगावकर
एक खवचट शंका. त्याच वचनात पुढे ‘म्हणजे तुमचे प्रतिफळ मोठे होईल’ आहे. मग अपेक्षा ठेवली की नाही? त्यापेक्षा आपला निष्काम बरा.

मासुंदा
प्रतिफळ देवाकडून, घेणाऱ्याकडून नव्हे. त्याच्याकडे हिशोब शून्य. कृतघ्नांवरही देव उपकार करतो, असं लगेच पुढे आहे. निष्काम कर्मात फळाची आसक्ती सोडायची, इथे समोरच्या माणसावरचा हक्क सोडायचा. दोन्हींची एकच गोळाबेरीज नको.

खारेगावकर
म्हणजे वसुली वरून. ठीक.

घोडबंदर_रोड
मावशी, ‘शिगोशीग’ म्हणजे काठोकाठच ना? आम्ही घरी दोन्हीला काठोकाठच म्हणतो.

नेरूळची_मावशी
काठोकाठ पाणी, दूध. काठाच्या वर चढलं की सांडतं. शीग धान्याला, पिठाला, साखरेला, काठाच्या वर ढीग राहतो ती.

शब्दखोर
आमच्या आजोळी त्याला ‘चोंदून भरणं’ म्हणत.

नेरूळची_मावशी
चोंदतं ते नाक.