विषय: ठाण्याच्या संस्थेचे पैसे अडलेत

प्रेषक: खजिनदार
नमस्कार मंडळी,
गणपतीतली शिल्लक कळव्यात शाळकरी मुलांच्या व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या त्या संस्थेला द्यायची, हे सभेत ठरलंच आहे. पण त्यांच्याकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, नाही. आपलं मंडळ इथे अमेरिकेत नोंदलेलं, त्यामुळे आपला पैसा तिकडे परकीय देणगी ठरतो. समुपदेशकाचा पगार थकलाय. मार्ग माहीत असेल तर आजच लिहा.

प्रेषक: माजी अध्यक्ष
एवढं अडायचं कारण नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराला आपण मोठ्या संस्थेकडे पाठवले, तिने पुढे दिले. तसंच करा.

प्रेषक: खजिनदार
काका, सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधी एका संस्थेने दुसरीला देणंच बंद झालंय. दोघींकडे नोंदणी असली तरी.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
शिल्लकीत ढोल-ताशा पथकाची वर्गणी आहे. ती आधी बाजूला काढा. कामाला आमचा विरोध नाही, पण पथकाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रेषक: वाशीची ताई
ढोलांचं नंतर बघू हो. माझ्या भावाच्या शेजारचा सातवीतला मुलगा पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगायचा. आईला वाटायचं, सर्दी आहे. २०१९ च्या एम्सच्या पाहणीत नशेचा हा हुंगण्याचा एकच प्रकार असा निघाला, की मुलांमधलं प्रमाण (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त. आणि पैसे कुठे, तर आपल्या खात्यात पडून.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद
ताई, म्हणून मी नेहमी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव घेतो. १९८६ साली पुलं-सुनीताबाईंनी देणगी दिली आणि अवचट दांपत्याने काम उभं केलं. तेव्हा एवढे कागद नव्हते.

प्रेषक: युवा गट
मुक्तांगणबद्दल आदर आहेच काका, पण इथे शाळेतच मुलाला गाठायचंय. आमचं म्हणणं असं: भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे दिलेले पैसे परकीय देणगी धरत नाहीत. एच-१ व्हिसावाले आम्ही बरेच आहोत, पगाराचं आम्ही बघतो. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, मात्र हे चालत नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष
मग मंडळाने तुमच्या खात्यात टाकावेत, तुम्ही पाठवा.

प्रेषक: युवा गट
नाही काका. ती मग आमची बचत राहत नाही, आणि चौकशी आली तर मान संस्थेची अडकेल.

प्रेषक: वाशीची ताई
मी ओसीआय, म्हणजे मी नुसती बघत बसू? संस्थेकडे अर्ज लिहायला माणूस नाही, ते मी करते. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या आराखड्यात सीपीएलआय नावाची योजना याच वयासाठी आहे: वस्तीतलीच मुलं समवयस्कांना सावध करतात. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, आधी दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी हवी. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, आहे. त्यासाठी संस्थेची १२ए आणि ८०जी ही प्राप्तिकराची नोंदणी आणि सीएसआर-१ ही सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी लागते. कुणाच्या ओळखी असतील तर मला कळवा, परस्पर फोन करू नका. मागच्या वेळी एकाच कंपनीला आपल्यातल्या तिघांनी गाठलं होतं.

प्रेषक: खजिनदार
ताई, संस्थेचे कागद तुम्हाला पाठवते. पासपोर्टवाल्यांनी रविवारपर्यंत मला वैयक्तिक मेल करा. ढोलांची वर्गणी वेगळी काढली आहे. उरलेल्या रकमेसाठी संस्थेने गृह मंत्रालयाकडे पूर्वपरवानगी मागावी. त्यासाठी देणगीदाराचं हमीपत्र लागतं. मसुदा केलाय. अध्यक्षांची सही उद्या हवी.