साइडवाइंडर = फुरसं? शब्द सुचवा

जांभा: अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या 'द साइडवाइंडर' अल्बमवर दिवाळी अंकासाठी लिहितोय आणि नावाशीच अडलोय. २१ डिसेंबर १९६३ ला न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, मॉर्गन तेव्हा अवघा २५ चा, सोबत टेनर सॅक्सोफोनवर जो हेंडरसन आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स, पुढच्या वर्षी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने काढला आणि असा खपला की त्याच नावाची त्यातली ट्यून क्रायस्लर गाड्यांच्या जाहिरातीत गेली. साइडवाइंडर म्हणजे अमेरिकन वाळवंटातला तिरका सरकणारा साप. मी 'फुरसं' लिहिलं, कारण फुरसंही तसंच तिरकं जातं. संपादक म्हणतात, कोकणातला वीतभर साप तिकडे कुठून आला, 'वाळवंटी नाग' करा. ज्याला फणाच नाही त्याला नाग कसं म्हणू? (ट्रम्पेटला तुतारी लिहिलंय, ते चालेल ना?)

खाडीकाठ: फुरसंच ठेवा. आमच्या देवगडला कातळावर दगड उचलला की खाली असायचंच. आजी संध्याकाळी नाव घेऊ द्यायची नाही, 'जनावर' म्हणायचं, आणि चावलं तर 'पान लागलं'. फुरफुरतं म्हणून फुरसं.

रानवाट: तो आवाज तोंडातून येत नाही हो, वेटोळं करून अंगाचे खवले एकमेकांवर घासतं, करवत चालल्यासारखा येतो. त्यामुळे फुरफुर मला पटत नाही. आणि साइडवाइंडरच्या शेपटीला खुळखुळा असतो, फुरशाला नाही. चाल एक म्हणून नाव एक कसं?

खाडीकाठ: फुरफुर तोंडातूनच यायला हवी असं कुणी सांगितलं? ज्याने नाव ठेवलं त्याने कानाने ऐकून ठेवलं.

तिसरीघंटा: साप बाजूला ठेवा. मॉर्गनने स्वतःच सांगितलंय की त्याच्या डोक्यात टीव्हीवरचा खलनायक होता, साप नव्हे. मग 'डांबिस' बघा. ती ट्यून ऐका, बास आणि पियानो आरामात डुलत येतात आणि वर मॉर्गन असा काही ऐटीत शिरतो की डांबिसच आठवतो. आणि तुतारी अजिबात नको. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह असतात म्हणून सगळे सूर निघतात, तुतारीत फक्त फुंकेवर मिळतील तेवढेच. मुंबईत चिक चॉकलेट नावाचा जॅझवाला वाजवायचा तो ट्रम्पेट, बँडवालेही ट्रम्पेटच म्हणतात.

जुनीपाटी: बँडवाले म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं? सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोकांना मेयरच सोपा वाटत असणार. वापरला की रुळतो शब्द.

तिसरीघंटा: महापौर नवा घडवलेला शब्द होता, तुतारी हे आधीच एका वाद्याचं नाव आहे. उद्या सतारीला गिटार म्हणाल का? आणि जांभा, मसुद्यात '२४ मात्रांचा ब्लूज' लिहिलं असेल तर आत्ताच बदला. ब्लूजच्या या चालीत २४ बार, म्हणजे तालाचे सारखे तुकडे, आहेत, एका बारला चार मात्रा, म्हणजे आवर्तन ९६ मात्रांचं.

जांभा: बापरे, तेच लिहिलंय. बदलतो. पण शीर्षकाचं काय करू? डांबिस फार घरगुती वाटतं.

उंबरठा: खाडीकाठ, 'पान लागणं' फक्त कोकणातलं नाही. माझं माहेर सांगलीकडचं, आमच्याकडेही हेच म्हणायचे, आणि ऐकलं की सगळी गल्ली जमायची. पण ते पान कसलं? खायचं, झाडाचं, की आणखी काही?

खाडीकाठ: आजी म्हणायची विड्याचं. रानवाट हसतील, पण मला तेच खरं वाटतं.

रानवाट: हसत नाही. पण विड्याचा सापाशी संबंध काय?